डोळ्यांचे गाऱ्हाणे

त्रिमिती चित्रपटाचा खेळ सुटला की थिएटरच्या दाराशी थोडा वेळ उभे राहून बाहेर पडणारी माणसे पाहावीत. साध्या चित्रपटातून माणसे बाहेर येतात ती गाणे गुणगुणत, नाहीतर नायकाने असे का केले यावर वाद घालीत. त्रिमितीच्या खेळातून बाहेर येणारी माणसे आधी डोळे चोळतात. अंगावर आलेला चेंडू आपण कसा हुकवला, हे मुले हातवारे करून एकमेकांना सांगत असतात, आणि त्यांच्याच मागून एखादी बाई कपाळ दाबीत म्हणते, "छान होता हो, पण माझेच मेले डोळे कमकुवत!" जेथे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेथे आपल्यालाच त्रास व्हावा याची तिला थोडी लाज वाटत असते.

"माझेच डोळे कमकुवत" हे वाक्य मला विचार करण्याजोगे वाटते. तिकीट तिने काढले, अडीच तास डोळे तिने राबवले, आणि ते दुखू लागले तेव्हा दोषही तिनेच पदरात घेतला. वस्तुतः हा दोष कोणाचा? पाहणाऱ्या डोळ्यांचा, की त्यांना दाखवणाऱ्याचा? प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु दुसऱ्याच्या इंद्रियांवर आपला हक्क कोठवर चालतो, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटात आहे. करमणुकीच्या गोष्टीत नीती कशाला आणता, असे कोणी म्हणेल. पण माणसाची नीती जशी त्याच्या व्यवहारात दिसते तशीच ती त्याच्या पाहुणचारातही दिसते. आणि खेळ दाखवणारा हा एका अर्थी यजमानच असतो.

प्रथम डोळ्यांचे काम कसे चालते ते पाहू. आमच्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, जुन्या सवयीने आम्ही अजून 'नगर'च म्हणतो. त्या जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे आहे. तेथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि 'अमृतानुभव'ही तेथलाच, अशी परंपरा आहे. शिव आणि शक्ती ही दोन असून एकच कशी, हे समजावून देताना त्या ग्रंथाच्या आरंभी ज्ञानदेवांनी अगदी घरगुती दाखले दिले आहेत, आणि त्यांतला एक डोळ्यांचा आहे. डोळे दोन असतात, पण त्यांचे पाहणे एकच असते. ज्ञानदेवांना सांगायचे होते ते अद्वैत. तथापि डोळ्यांच्या व्यवहाराचेही याहून नेमके वर्णन करणे कठीण आहे.

हे एकपण मात्र आयते मिळत नाही. ते क्षणोक्षणी साधावे लागते. दिवाळीत अंगणातल्या पणतीसमोर बसावे आणि हात लांब करून अंगठा पणतीच्या रेषेत धरावा. एकदा डावा डोळा मिटावा, एकदा उजवा. अंगठा ज्योतीच्या अलीकडून पलीकडे उडी मारतो. मग दोन्ही डोळे उघडे ठेवून पणतीकडे नजर लावली तर अंगठे दोन दिसू लागतात. अंगठ्याकडे लावली तर पणत्या दोन होतात. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटरांचे अंतर असते, त्यामुळे प्रत्येकाला जग किंचित वेगळे दिसते. मेंदू ही दोन वेगळी चित्रे घेतो, त्यांतली तफावत जोखतो, आणि त्या तफावतीतूनच 'हे जवळ, ते दूर' असे ज्ञान उभे करतो. दोघांच्या मतभेदातूनच खोली कळते, ही गोष्ट संसारी माणसांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे!

चार्ल्स व्हीट्स्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली दोन आरशांच्या साध्या उपकरणाने हे सिद्ध करून दाखवले. कागदावर काढलेली दोन सपाट चित्रे दोन डोळ्यांना वेगवेगळी दाखवली, तर मन त्यांतून एक भरीव वस्तू घडवते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी लहानपणी 'व्ह्यू-मास्टर' असेल. त्याच्या गोल चकतीवर चित्रे चौदा असत आणि देखावे सातच दिसत. कारण प्रत्येक देखाव्याला दोन चित्रे खर्ची पडत. त्रिमिती चित्रपट म्हणजे हाच खेळ हलत्या चित्रांत. पडद्यावर एकाच वेळी दोन चित्रे पडतात, आणि डावे चित्र डाव्या डोळ्याला व उजवे उजव्या डोळ्याला पोचवण्याचे काम चष्मा करतो.

मग शीण कशाचा? जवळची वस्तू पाहताना आपले डोळे दोन कामे एकदम करतात. बुबुळे नाकाकडे वळतात आणि डोळ्यांतले भिंग फुगून त्या अंतराला जुळते. जन्मापासून ही दोन कामे एकाच जोखडाला जुंपलेल्या बैलांसारखी बरोबर चालत आली आहेत. एक ज्या तासात, त्याच तासात दुसरा. त्रिमितीच्या खेळात नायिकेने पुढे केलेले फूल आपल्यापासून हातभर अंतरावर आल्यासारखे भासते, म्हणून बुबुळे हातभर अंतराला वळू पाहतात. परंतु प्रकाश तर पन्नास फुटांवरच्या पडद्यावरून येत असतो, म्हणून भिंगाला त्या पडद्याशीच राहावे लागते. एक बैल तासात आणि दुसरा बांधावर, अशी ती ओढाताण असते. दोघे जातिवंत असतात म्हणून नांगर चालतो. पण संध्याकाळी त्यांचे खांदे सोलवटलेले निघतात.

ही केवळ कल्पना नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २००८ साली हे तपासून पाहिले. जेथे बुबुळांचे अंतर आणि भिंगाचे अंतर जुळत होते तेथे पाहणाऱ्यांना कमी त्रास झाला. जेथे दोहोंत फारकत केली तेथे डोळे अधिक थकले. पडदा जितका जवळ, तितके हे भांडण मोठे. म्हणून थिएटरपेक्षा घरातला त्रिमिती टीव्ही अधिक त्रास देऊ शकतो, आणि थिएटरातही पुढच्या रांगेपेक्षा मागची रांग बरी.

याखेरीज इतरही कारणे आहेत. चष्म्यांमुळे प्रत्येक डोळ्याला निम्म्याहून कमी प्रकाश पोचतो. मान एका बाजूला कलली की दोन चित्रे वरखाली होऊ लागतात, आणि डोळ्यांना तर वरखाली फाटण्याची सवय नसते. म्हणजे दमलेल्या मुलाने बापाच्या खांद्यावर डोके टेकून पाहावे, एवढीही सोय या खेळात उरत नाही. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट पडद्याच्या आकाराची आहे. दूरचा डोंगर दाखवायचा तर त्याची दोन चित्रे पडद्यावर एकमेकांपासून काही अंतरावर पडतात. हे अंतर आपल्या दोन डोळ्यांतल्या अंतराएवढे असेल तोवर ठीक. त्याहून वाढले की बुबुळांना कानांच्या दिशेने, बाहेरच्या बाजूला, वळावे लागते. निसर्गाने हे काम त्यांना कधी सांगितलेलेच नाही. जो चित्रपट लहान पडद्यावर सुखाने पाहता येतो, तोच प्रचंड पडद्यावर टाकला की हे अंतरही पडद्याबरोबर वाढते आणि डोळ्यांना छळू लागते. लहान मुलांच्या डोळ्यांत अंतर आणखी कमी असते, म्हणून त्यांची मर्यादा बापाच्या आधीच ओलांडली जाते. शेजारी बसलेल्या बापाला याचा पत्ताही नसतो.

हे इतक्या विस्ताराने सांगितले, कारण यातून एक गोष्ट स्पष्ट होते. त्या बाईचे डोळे कमकुवत असतीलच असे नाही. उलट, न जुळणाऱ्या दोन आज्ञा एकदम पाळण्याचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला, म्हणून ते थकले. शीण ही तेथे डोळ्यांची साक्ष आहे. भास गोड होता, पण त्याचा खर्च कोणीतरी दिला. आणि तो दाखवणाऱ्याने दिला नाही.

दाखवणाऱ्यांचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. १९५२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत 'ब्वाना डेव्हिल' हा रंगीत त्रिमिती चित्रपट आला, आणि त्याच्या जाहिरातीने सिंह प्रेक्षकांच्या मांडीवर आणून देण्याचे वचन दिले. त्या काळी दोन डोळ्यांची दोन रिळे दोन प्रोजेक्टरांवर एकदम चालवावी लागत. एका रिळाचा तुकडा तुटला, तर दुसऱ्याचाही नेमका तेवढाच तुकडा कापून टाकावा लागे. ऑपरेटरने कंटाळा केला की दोन डोळ्यांना दोन वेगळे क्षण दिसू लागत आणि सभागृहभर डोकी दुखत. पुढच्याच वर्षी 'हाउस ऑफ वॅक्स' आला. त्यात एक मनुष्य दोरीला बांधलेला चेंडू थेट प्रेक्षकांच्या तोंडावर मारीत राहतो. गंमत अशी की, या गाजलेल्या चित्रपटाचे दिग्दर्शक आंद्रे द टॉथ यांना एकच डोळा होता. जी खोली त्यांनी लाखो लोकांना दाखवली ती त्यांना स्वतःला दिसू शकत नव्हती. याचा अर्थ त्यांना आपले काम कळत नव्हते असा मुळीच नाही. पण प्रेक्षकांचे डोळे किती दुखतात हे स्वतःच्या डोळ्यांवरून जोखण्याचा मार्ग ज्याला मोकळा नाही, त्याने ते दुसऱ्यांना विचारलेच पाहिजे. आणि खरे पाहता, प्रत्येक दाखवणारा या अर्थाने एकाक्षच असतो. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहता येणे कोणालाच शक्य नाही.

आपल्याकडे पहिला त्रिमिती चित्रपट १९८४ साली केरळात, मल्याळम भाषेत झाला. जिजो पुन्नूस यांचा 'माय डिअर कुट्टिचातन' तो हाच. हिंदीत तो 'छोटा चेतन' म्हणून आला, आणि पडद्यातून बाहेर येणाऱ्या वस्तू धरायला पोरांनी हात पुढे केले. मराठीत हे साहस २०१३ साली महेश कोठारे यांनी 'झपाटलेला २' मध्ये केले, आणि तात्या विंचू त्रिमितीत अवतरला. या चित्रपटांनी घराघरांतल्या मुलांना आनंद दिला यात शंका नाही. तो आनंद हिरावून घ्यावा असे मी म्हणत नाही. मी बोलतो आहे ते आग्रहाविषयी.

दिवाळीच्या दिवसांत आग्रहाचा अर्थ वेगळा सांगायला नको. एक यजमानीण फराळाचे ताट पुढे ठेवते, पाहुण्याच्या चेहऱ्याकडे पाहते, आणि तो तृप्त झाला हे ओळखून पाणी आणते. दुसरी तिसरा लाडू वाढते, चौथा वाढते, "आमच्या घरचे आवडत नाही वाटते?" असे म्हणून पाचवा पानात टाकते, आणि रात्री पाहुणा ओवा खात बसतो. दोघींनाही आपण पाहुणचारच केला असे वाटते. पण दुसरीचे लक्ष पाहुण्याकडे नसते, आपल्या लाडवांकडे असते. त्रिमितीची कला जाणणारे कारागीर फार करून गोष्टी पडद्याच्या आसपासच ठेवतात, एखादीच वस्तू क्षणभर पुढे आणतात आणि डोळ्यांना लगेच विसावा देतात. ज्यांना आपल्या यंत्राचीच मौज अधिक वाटते ते दर पाच मिनिटांनी भाला, चेंडू, साप, ठिणग्या असे काहीतरी तोंडावर फेकीत राहतात. हा पाचवा लाडू आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. थकवा नाही अशी कोणती कला आहे? रात्रभर कीर्तन ऐकणाऱ्याचे अंग दुखत नाही काय? मिणमिणत्या दिव्यापाशी कादंबरी संपवणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येत नाही काय? सुखासीनता हीच कसोटी धरली, तर मोठी कला उरेल कोठे?

या आक्षेपाचे उत्तर मला शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या एका माणसाच्या चरित्रात सापडते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले देव असेच पडद्यावर आणायचे, या एका ध्यासाने ते पछाडले. मिळेल तो चित्रपट पाहणे, त्याची चिकित्सा करणे, घरी प्रयोग करणे, आणि रात्री तीनेक तासांपलीकडे न झोपणे, असा क्रम महिनोन्महिने चालला. परिणामी त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांच्या साहाय्याने ती परत आली, म्हणून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' झाला. भारतीय चित्रपटाने घेतलेला डोळ्यांचा पहिला बळी अशा रीतीने त्याच्या जनकाचाच ठरता ठरता राहिला.

या शिणाविषयी आपल्याला आदर वाटतो, आणि तो योग्यच आहे. का? कारण तो त्यांनी स्वतः पत्करला होता. काय खर्च होत आहे आणि कशासाठी, हे त्यांना ठाऊक होते. कीर्तनाला बसलेला माणूसही झोप मोडून बसतो हे जाणून बसतो. कादंबरी वाचणाऱ्याला पुस्तक मिटता येते. शीण वाईट नाही. न सांगता वसूल केलेला शीण वाईट. जो यजमान स्वतः उपाशी राहून पाहुण्याला जेवू घालतो तो थोर. जो पाहुण्याला जागवून आपले गाणे ऐकवतो त्याच्याविषयी तसे म्हणता येत नाही. फाळक्यांनी स्वतःचे डोळे पणाला लावले. त्यावरून दुसऱ्यांचे डोळे पणाला लावण्याची सनद कोणाला मिळत नाही.

मी शिक्षक असल्यामुळे या प्रश्नाची आणखी एक बाजू मला रोज दिसते. ज्या मुलाला फळा दिसत नाही, तो "दिसत नाही" असे म्हणत नाही. तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतो. जग असेच अंधुक असते अशी त्याची समजूत असते. इतरांना अधिक दिसते हे त्याला कळणार कसे? काही वर्षांपूर्वी एका शाळेची चौथीतली मुले त्रिमिती चित्रपटाला नेली होती. सारे सभागृह किंचाळत असताना एक मुलगा चष्मा काढून खाली पाहत बसला होता. सोबतच्या गुरुजींनी त्याला हटवादी ठरवले आणि चष्मा पुन्हा नाकावर चढवला. चार दिवसांनी आईने त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले तेव्हा कळले की, त्याचा एक डोळा मंद होता आणि दोन डोळ्यांचे मिळून एक पाहणे त्याच्या वाट्याला कधी आलेच नव्हते. लहानपणीच हे ध्यानात आले म्हणून उपचाराला वाव राहिला.

माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे. शंभर मुलांनी टाळ्या वाजवल्या म्हणून एकाची डोकेदुखी खोटी ठरत नाही. सुखाची मोजणी बहुमताने करता येईल. दुःखाची तशी करता येत नाही. ज्याला दुखते, त्याच्या दुखण्याविषयी त्याच्याएवढा अधिकारी साक्षीदार दुसरा कोणी नसतो. किंबहुना हा एकटा पडलेला साक्षीदारच अनेकदा काहीतरी महत्त्वाचे सांगत असतो. त्रिमितीत ज्याला खोली दिसत नाही, किंवा ज्याचे डोके इतरांआधी दुखू लागते, त्याचे डोळे तपासून घ्यावेत, असे नेत्रवैद्य सांगतात ते याचसाठी. फ्रान्समधील आरोग्य-सुरक्षा संस्थेने २०१४ साली सहा वर्षांखालील मुलांना त्रिमितीची चित्रे दाखवूच नयेत आणि तेरा वर्षांपर्यंत बेताने दाखवावीत, असा सल्ला दिला. वाढत्या डोळ्यांना 'माझे गाऱ्हाणे ऐका' असे सांगता येत नाही, म्हणून मोठ्यांनी ते आधीच ऐकून ठेवायचे.

२००९ च्या डिसेंबरात 'अवतार' आला आणि जगभर पुन्हा त्रिमितीची लाट उठली. घराघरांत त्रिमिती टीव्ही येणार अशी भाकिते झाली. २०१७ पर्यंत बड्या कंपन्यांनी ते संच बनवणे सोडून दिले. कायद्याने कोणी बंदी घातली नव्हती. चष्म्यांचा जाच, चित्रपटांची चणचण, किंमत अशी कारणे होतीच. पण डोळ्यांचाही त्यात हात होता. माणसे घरी चष्मा चढवीत, थोडा वेळ पाहत, आणि काढून ठेवीत.

मला वाटते, त्रिमितीचा शीण हा त्यातल्या त्यात सज्जन शीण आहे. तो लगेच दाराशी येऊन उभा राहतो आणि 'पुरे' म्हणतो. आज आपल्या आणि आपल्या मुलांच्या हाती जे चिमुकले सपाट पडदे आहेत, त्यांचे गाऱ्हाणे इतक्या लवकर पोचत नाही. तेथे डोळे मुकाट्याने राबतात, पापण्या लवायच्या विसरतात, आणि खेळ तर कधी सुटतच नाही. ज्या करमणुकीत पडदा पडत नाही, तीत दाराशी उभे राहून डोळे चोळणारी माणसे तरी कोठून दिसणार?

तात्पर्य असे की, दाखवणाऱ्याचे कर्तव्य भासाने दिपवण्यापाशी संपत नाही; पाहणाऱ्याला नजर वळवण्याची मोकळीक ठेवणे, हाही त्याचा भाग आहे. आणि पाहणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. डोळे दुखले तर लाजू नये. चष्मा काढावा, क्षणभर डोळे मिटावेत, शेजारच्या मुलालाही मिटायला सांगावे. चित्रपट त्या एका मिनिटात फारसा पुढे जात नाही, आणि गेला तरी शेजारचा गोष्ट सांगेल. निसर्गाने कानाला झाकण दिले नाही, डोळ्याला मात्र दिले आहे. ते वापरण्यात कोणत्याही यजमानाचा अपमान होत नाही.